लवकर रिटायर होण्याचं ॲप १४ महिने वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ॲपचं नाव लिहीत नाहीये. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि घेण्याआधी या जातीची अजून तीन ॲप्स ट्रायलवर बघितली होती त्यातही थोड्याफार फरकाने हेच होतं, त्यामुळे तुमच्याकडे दुसरं कुठलं असलं तरी खालचं बरंचसं लागू पडेल. रेटिंग पाचपैकी साडेतीन. त्यातला एक पूर्ण स्टार एकाच स्क्रीनचा आहे, ती शेवटी येईल.

माझं वय ३९, नोकरी चालू आहे, काम फार वाईट नाही, माणसंही ठीक आहेत. उद्याच राजीनामा टाकायचा असं काही नाही, पण पन्नाशीत कोणीतरी दुसऱ्याने आपल्याला काढण्याआधी आपल्या हातात काहीतरी असावं एवढंच डोक्यात होतं. फायर म्हणतात तेच, म्हणजे कमवायची गरज संपेल एवढा पैसा आधी उभा करायचा आणि मग नोकरी करायची की नाही ते आपण ठरवायचं. एक्सेलमध्ये ५-६ वर्षं माझी शीट चालूच होती पण ती इतकी वाकडीतिकडी झाली होती की मलाच कुठला सेल कुठून येतो ते कळेना, म्हणून वैतागून वार्षिक सबस्क्रिप्शन घेतलं.

सुरुवातीचा सेटअप छान आहे, अर्ध्या तासात होतो. खाती जोडायचा ऑप्शन आहे, मी जोडली नाहीत, सगळे आकडे हाताने टाकले, महिन्यातून एकदा बसून अपडेट करते. पासवर्ड कोणाला द्यायचे नाहीत हा एक भाग, पण हाताने आकडा टाकला की तो डोक्यात राहतो हेही आहे. पगार, बचत, जमा झालेली रक्कम, वर्षाचा खर्च. माझं गणित साधारण असं की हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्के मागे पडतात, ६० टक्के खर्च होतात, आणि आत्तापर्यंत वर्षाच्या खर्चाच्या ११ पट जमलेत. लक्ष्य २५ पट, ते का ते पुढे येईल. ॲपने दोन सेकंद चक्र फिरवलं आणि मोठ्या हिरव्या अक्षरात सांगितलं, ६ वर्षं १ महिना. खाली कागदाचे रंगीत तुकडे उडाले.

मी हे नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या शीटमध्ये तर नऊच्या पुढे होतं ना?" मी म्हटलं शीट चुकली असेल. माझाच मूर्खपणा. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की आपण उलटतपासणी करत नाही.

चूक ॲपची होती, आणि ती अशी. डिफॉल्टमध्ये रिटर्न १० टक्के धरलाय आणि खर्च मात्र आजच्या किमतीत, कायमचा गोठवलेला. म्हणजे पैसा महागाईसकट वाढतोय आणि खर्चाला महागाई माहीतच नाही. महागाईचा खाना आहे, पण तो ॲडव्हान्स्ड सेटिंगच्या आत तिसऱ्या पानावर, आणि तिथे शून्य. तो नीट भरून, म्हणजे महागाई वजा जाऊन हातात ५ टक्के राहतील असं करून परत चालवलं तर आकडा आला ९ वर्षं ४ महिने. तीन वर्षं तीन महिन्यांचा फरक, तो पण माझ्यासारखीचा जिच्याकडे आधीच बऱ्यापैकी जमलंय. शून्यापासून सुरू करणाऱ्याने ४० टक्के बचत धरून हेच केलं तर ॲप १६ वर्षं सांगेल आणि खरं उत्तर साडेएकवीसच्या पुढे आहे. एवढी मोठी चूक करून वर कागदाचे तुकडे उडवायचे म्हणजे कमाल आहे. सपोर्टला लिहिलं, चार दिवसांनी उत्तर आलं की युजरने आपल्या गरजेनुसार सेटिंग बदलावी. बरं.

यामुळेच झालेला एक किस्सा सांगते, कारण तो या ॲपच्या सगळ्यात त्रासदायक फीचरबद्दल आहे. काउंटडाऊन. होम स्क्रीनवर रोज एक दिवस कमी होत जाणारा आकडा, आणि गोल आकडा आला की नोटिफिकेशन. ॲप घेऊन सव्वा महिना झाला असेल, मी टीमसमोर स्क्रीन शेअर करून पुढच्या दोन वर्षांचा प्लॅन समजावत होते, फोन लॅपटॉपला जोडलेला, आणि कोपऱ्यातून टुणकन वर आलं, "अभिनंदन! नोकरी सोडायला फक्त २,२०० दिवस!" अकरा माणसं बघत होती. कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, पुढची स्लाइड लावली. नंतर ते दोन वर्षांचं काम दुसऱ्याकडे गेलं, त्याचा याच्याशी संबंध होता का हे मला कधी कळणार नाही, विचारणार कसं? आणि गंमत म्हणजे तो आकडासुद्धा चुकीचाच होता, महागाईवाली भानगड मला अजून सापडायची होती. खरे दिवस ३,३०० च्या वर उरले होते. म्हणजे बदनामी पण चुकीच्या आकड्यावर.

पण नोटिफिकेशनपेक्षा वाईट म्हणजे तो काउंटडाऊन डोक्याचं काय करतो ते. नोकरी म्हणजे भिंतीवर रेघा मारत काढायची शिक्षा असं वाटायला लागतं. आधी मला कामाचा कंटाळा यायचा तो येऊन जायचा. आता कंटाळ्याला आकडा मिळाला. कोणी नवीन काही शिकायला सांगितलं की मनात पहिलं हेच, माझे इतके इतके दिवस राहिलेत, मला कशाला. तीन महिने असे गेल्यावर मी तो विजेट काढून टाकला. बंद करायचं बटण आहे, सेटिंग, मग डिस्प्ले, मग प्रेरणा. हो, त्या पानाचं नाव प्रेरणा आहे.

आता चांगलं काय ते. खर्चाचा भाग खरंच छान केलाय. महिन्याचा कुठलाही खर्च निवडला की तो चालू ठेवण्यासाठी किती रक्कम कायमची बाजूला असायला लागेल ते दाखवतो. गणित सोपंच आहे, बारा महिने गुणिले २५, म्हणजे ३०० पट. महिन्याला १०० चा खर्च म्हणजे डोक्यावर ३०,००० चं लक्ष्य. मला हे माहीत होतं, पण प्रत्येक सबस्क्रिप्शनसमोर, प्रत्येक हप्त्यासमोर तो आकडा लिहिलेला बघणं वेगळं. मी फार काही कापलं नाही, तीन गोष्टी बंद केल्या ज्या कोणी वापरतच नव्हतं. आणि खर्च कमी होण्याचा फायदा दुहेरी असतो हे लोक विसरतात, बचत वाढते ती वाढते आणि लक्ष्य पण खाली येतं, म्हणून पगारवाढीपेक्षा तेवढ्याच रकमेची खर्चकपात तारखेला जास्त हलवते. ॲपमध्ये दोन्ही स्लायडर शेजारी शेजारी आहेत, हलवून बघा.

यातही एक भोक आहे. ॲप गेल्या १२ महिन्यांचा खर्च घेऊन तोच पुढे नेतं. आता गेल्या १२ महिन्यांत माझा लॅपटॉप मेला नाही, दातांचं मोठं काम निघालं नाही, छताला गळती लागली नाही. ही सगळी पुढच्या दहा वर्षांत होणारच. मी माझ्या जुन्या शीटमधून सात वर्षांचे असे आडवेतिडवे खर्च काढले, सातने भागले, आणि ती रक्कम 'दुरुस्ती आणि दुर्दैव' नावाने वेगळी टाकली, वर दिलेल्या ११ आणि २५ मध्ये ती धरलेली आहे. तसंच नोकरीबरोबर जे फुकट किंवा स्वस्तात मिळतं, म्हणजे मुख्यतः कंपनीने काढलेला आरोग्य विमा, तो नोकरी गेली की आपल्या खिशातून. हा खाना ॲपमध्ये नाहीच. आणि राहतं घर. ॲप ते एकूण संपत्तीत धरून लक्ष्याच्या टक्केवारीत दाखवतं, म्हणजे कागदावर आपण लई पुढे असतो. अरे पण ज्या घरात राहतोय त्याची खिडकी विकून महिना चालवणार का? ते घर हिशोबातून आधी काढून टाका. भाडं द्यावं लागत नाही हा त्याचा फायदा खर्चात आलेलाच असतो, परत मोजायचा नाही.

आता ४ टक्क्यांच्या नियमाबद्दल, म्हणजे नोकरी सोडल्यावर पहिल्या वर्षी जमलेल्या रकमेतले ४ टक्के काढायचे. २५ पट हा आकडा तिथूनच येतो, १०० भागिले ४. ॲप याला 'सिद्ध झालेला नियम' म्हणतं आणि त्यावर माझा आक्षेप आहे. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन फायनान्शियल प्लॅनरने १९९४ मध्ये १९२६ पासूनचा तिथला शेअर आणि सरकारी बॉन्डचा डेटा घेऊन हिशोब केला की पहिल्या वर्षी किती काढले आणि पुढे दरवर्षी महागाईएवढे वाढवत गेलो तर पैसे ३० वर्षं पुरतील. सगळ्यात वाईट वेळी रिटायर झालेल्यालाही साधारण ४ टक्के झेपले. मग १९९८ मध्ये टेक्सासच्या ट्रिनिटी युनिव्हर्सिटीच्या तीन प्रोफेसरांनी १५ ते ३० वर्षांसाठी अशीच आकडेमोड केली आणि हा आकडा सगळीकडे गेला. बेंगेनने नंतर स्वतःच तो वर नेला, ४.७ पर्यंत. पण लक्षात घ्या, एका देशाचा डेटा आणि ३० वर्षं. पासष्टीच्या माणसाला ३० वर्षं पुष्कळ झाली. ४८ व्या वर्षी थांबणाऱ्या बाईला ४५ लागू शकतात. ॲपमध्ये मी मुदत ३० ची ४५ केली तर लक्ष्य हललंच नाही, २५ पटच. म्हणजे तो खाना नुसता शोभेचा. मग मीच ३० पट टाकलं, म्हणजे ३.३ टक्क्यांच्या आसपास काढणं, आणि तारीख गेली ११ वर्षं १० महिन्यांवर. हा माझा सावध आकडा. २५ हा आशावादी. मी दोन्ही ठेवते आणि मधे कुठेतरी जाऊन थांबेन असं धरते.

पैसे काढताना कुठली वर्षं आधी वाईट येतात त्यावर सगळं असतं, आणि हे समजावणारा ग्राफ मात्र या ॲपमध्ये मी बघितलेल्यांपैकी सगळ्यात चांगला आहे. स्वतः करून बघा. १०० आहेत, दर वर्षाच्या सुरुवातीला ४ काढायचे. तीन वर्षांचे रिटर्न आधी उणे ३०, मग शून्य, मग अधिक ४० असे आले तर शेवटी जवळपास ८३ राहतात. तेच उलट्या क्रमाने आले तर साडेअठ्ठ्याऐंशी. काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे ९८ च, क्रमाने काही फरक पडत नाही. तीन वर्षांत एवढा फरक, तर तीस वर्षांत किती ते बघा. बेंगेनच्या हिशोबात सगळ्यात वाईट नशीब १९६० च्या दशकाच्या शेवटी रिटायर झालेल्यांचं निघालं ते यामुळेच, सुरुवातीलाच बाजार थंड आणि मग ७० च्या दशकातली महागाई. म्हणून नोकरी सोडल्यावरची पहिली पाच-सात वर्षं जपायची असतात, तेव्हा थोडं फार अर्धवेळ काम करून कमावलं तरी त्याचा परिणाम नंतरच्या दुप्पट कमाईपेक्षा मोठा होऊ शकतो.

माँटे कार्लो म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की हजार वेगवेगळी भविष्यं चालवून सांगतं की तुम्हाला ९१ टक्के यश. म्हणजे ९१० भविष्यांत पैसे शेवटपर्यंत पुरले. उरलेल्या ९० मधली मी काय करत असेन हे ॲप सांगत नाही, त्याच्या मते मी बाजार निम्मा झाला तरी तेवढाच खर्च करत बसले असेन, शेवटच्या पैशापर्यंत. खऱ्या आयुष्यात कोणी असं करत नाही, हात आखडतोच. त्यामुळे ९१ आणि ९५ वरून झोप उडवून घेऊ नका. जाता जाता, ही पद्धत स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला सुचली ती १९४६ मध्ये आजारातून बरा होत असताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळता खेळता. रजेवर, बिनकामाचं बसलेलं असताना. मला हे फार आवडतं.

फी. सबस्क्रिप्शन ठरावीक रकमेचं आहे ते ठीक. पण दर आठवड्याला एक बॅनर येतो की तुमचे पैसे आम्हीच सांभाळतो, वर्षाला फक्त एक टक्का. हे 'फक्त' माझ्या आकड्यांत घालून बघितलं, ५ च्या जागी ४ टक्के. ९ वर्षं ४ महिन्यांचे १० वर्षं ५ महिने झाले. आणि नोकरी सोडल्यावर जे ४ टक्के काढायचे त्यातलाच एक टक्का यांना, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटातला पाव भाग. कळस असा की त्या बॅनरवरून आत गेलं की जो अंदाज दाखवतात त्यात ही फी वजा केलेलीच नाही. साध्या स्वस्त इंडेक्स फंडांत, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाची नुसती नक्कल करणाऱ्या फंडांत, टाकून विसरून जाणाऱ्या माणसाला याची गरज नाही, असं माझं मत. अर्धा स्टार इथे कापला.

आता ती स्क्रीन. नाव 'कोस्ट'. कल्पना अशी की आत्ता जे जमलंय त्यात पुढे एक पैसाही घातला नाही तर ते नेहमीच्या रिटायरमेंटच्या वयापर्यंत आपलं आपण वाढून पुरेल का. ५ टक्क्यांनी पैसा साधारण १४ वर्षांत दुप्पट होतो. माझे ११ पट, साठीला २१ वर्षं आहेत, तर ते होतात साधारण ३० पट. म्हणजे माझ्या म्हातारपणाची सोय झालेली आहे. हे वाक्य मी तीनदा वाचलं. इतकी वर्षं मी बचत करत होते आणि कोणी कधी सांगितलं नव्हतं की एक टप्पा आधीच ओलांडलाय, पुढे फक्त चालू खर्चापुरतं कमावलं तरी चालेल. हा ५ टक्क्यांचा अंदाज आहे, हमी नाही, हे मला कळतं. पण त्या रात्री मी वेगळ्या प्रकारे झोपले.

मग डोक्यात आलं की चार दिवसांचा आठवडा मागितला तर? पगार एक पंचमांश कमी, खर्च तेवढाच, बचत ४० टक्क्यांवरून २५ वर. ॲपमध्ये टाकलं. लाल अक्षरात आलं, स्वातंत्र्य २ वर्षं ८ महिने लांबणीवर. १२ वर्षं. लाल रंग बघून मी ॲप बंद केलं आणि दोन आठवडे तो विषय सोडून दिला.

परत उघडलं ते एका रविवारी, वही घेऊन. ॲप कॅलेंडरची वर्षं मोजतं. मला वर्षांशी काय करायचंय, मला कामावर जायचे दिवस मोजायचेत. ९ वर्षं ४ महिने, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सुमारे २,४२० दिवस. १२ वर्षं, आठवड्याला चार दिवस, सुमारे २,४९०. सुट्ट्या दोन्हीकडे सोडल्या. फरक ७० दिवस! लांबणीवर पडलेल्या त्या पावणेतीन वर्षांसाठी मला आयुष्यात एकूण ७० दिवस जास्त काम करायचं होतं, आणि त्या बदल्यात आत्तापासूनच, चाळिशीतच, दर आठवड्याला एक दिवस माझा, आईवडील आहेत तोवर, गुडघे चालतायत तोवर. टॅक्स धरलेला नाही, जिथे कमी कमाईवर दर कमी लागतो तिथे चित्र आणखी बरं दिसेल. आणि हे जमण्याचं कारण म्हणजे आधीचे ११ पट मागे बसून काम करतायत, नुकतं सुरू करणाऱ्याला हा सौदा इतका स्वस्त पडणार नाही, त्याने आपले आकडे टाकून बघावे.

हा हिशोब ॲपमध्ये कुठेही नाही. मी सपोर्टला लिहिलं की कामाचे दिवस दाखवणारी एक ओळ टाका. चार दिवसांनी उत्तर, सूचनेबद्दल धन्यवाद. अजून तरी ओळ आलेली नाही.

नवऱ्याला वही दाखवली. त्याने कॅल्क्युलेटरवर परत केलं, स्वभाव, आणि म्हणाला, "मग विचार की."

कोणी घ्यावं? ज्याच्याकडे अजून काहीच जमलेलं नाही त्याने पैसे घालवू नयेत, त्याला फक्त बचतीची टक्केवारी वाढवायची आहे आणि त्याला कागद पुरतो. ज्याचं खर्चाच्या आठ-दहा पट जमलंय आणि पुढे काय हे कळत नाहीये त्याने एक वर्ष घ्यावं, पहिल्याच दिवशी महागाई भरावी, राहतं घर काढावं, काउंटडाऊन बंद करावा, आणि सरळ कोस्टच्या स्क्रीनवर जावं. डेटा बाहेर काढायची सोय आहे, एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही फाइल निघते, त्यामुळे अडकून पडत नाही. दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल बाय डिफॉल्ट चालू असतं, माझं त्यातच कापलं गेलं, म्हणून १४ महिने. यावेळी बंद केलंय, शीट परत नीट मांडलीये, त्यात आता कामाच्या दिवसांची ओळ आहे.

ऑफिसात विचारलं. सहा महिने ट्रायल म्हणून हो म्हणालेत. मी बुधवार मागितला होता, शुक्रवार मिळाला.